नऊ कोई, दोन पिंपं: परसातल्या तळ्याचा फिल्टर घरी बांधताना

तळेगावच्या आमच्या घरामागे दहा फूट बाय सहा फुटांचा सिमेंटचा हौद आहे. सासऱ्यांनी तो बागेचं पाणी साठवायला बांधून घेतला होता. पुढे बोअर झाली, हौद रिकामा पडला, मग त्यात कमळाच्या कुंड्या आल्या, डास नकोत म्हणून गप्पी मासे आले आणि घरातले सगळे त्याला तळं म्हणायला लागले. गप्पी, कमळ आणि शेवाळ यांचं आपापसात बरं चाललं होतं. फिल्टर नव्हता आणि लागतही नव्हता.

२०२४ च्या दिवाळीनंतर ओळखीतलं एक जोडपं बंगला विकून मुलाकडे परदेशी निघालं आणि त्यांच्या नऊ कोई माशांना घर शोधायची वेळ आली. "वहिनी, तुमच्याकडे एवढं तळं आहे, अजून काय पाहिजे?" असं म्हणत त्यांनी ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून मासे आणून सोडले, सोबत खाद्याचा अर्धा डबा. वीतभर लांबीचे, केशरी-पांढरे, हाताजवळ येणारे मासे. नाही म्हणवलं नाही. त्यानंतर जे जे करावं लागलं ते इथे लिहिते आहे. नेटवर शोधलं की एक तर परदेशी शौकिनांची लाखभराची यंत्रणा दिसते, नाहीतर बादलीत स्पंज कोंबून 'पाच मिनिटांत फिल्टर तयार'. आपलं बोअरचं पाणी, आपली वीज आणि आपला पाऊस धरून लिहिलेलं मला फारसं मिळालं नाही, म्हणून तारखा आणि खर्चासकट.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मासे खायला वर येईनासे झाले. थंडी होती, पाणी १८ अंशांवर होतं, आणि थंडीत कोई कमी खातात हे खरंच आहे. पण त्यांचे पर अंगाला चिकटलेले होते आणि सगळे जण एका कोपऱ्यात तळाशी बसून. पाणी मात्र इतकं नितळ की कुंडीतली माती दिसावी. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलं आहे असं धरून चालू नका. जे विष असतं त्याला रंग नसतो.

पाणी तपासायचा संच मागवला. पट्ट्यांचा स्वस्त मिळतो, पण त्यात बहुतेकदा अमोनियाच नसतो. थेंबांचाच घ्या. मी एपीआय कंपनीचा घेतला, केएचच्या (म्हणजे पाण्यातला क्षारपणा मोजायच्या) वेगळ्या बाटलीसकट ३,८०० रुपये. पैसे देताना हात आखडला होता, पण सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू तीच. पाच मिलिलिटर पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं हिरवं झालं: १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. पीएच ८.२.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतात. पाण्यात गेल्यावर तो दोन रूपांत राहतो आणि त्यातलं विषारी रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर शंभरात अर्धा-पाऊण भागच विषारी असतो, ८.२ ला तोच आठ भागांपर्यंत जातो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुधा जड आणि पीएचने आठच्या वर असतं. त्यामुळे पीएच ७ वाल्या कुणी परदेशातून 'एक पीपीएमने काही होत नाही' असं लिहिलं असेल तर ते त्यांच्यापुरतं खरं. त्या दिवशी खाद्य बंद केलं आणि चौथा हिस्सा पाणी बदललं.

जैविक फिल्टर म्हणजे गाळणी नव्हे. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. (पुस्तकांत हे दुसरे म्हणजे नायट्रोबॅक्टर असं असतं, मत्स्यटाक्यांत प्रत्यक्षात हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असं १९९८ च्या संशोधनात दिसलं.) नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडांना ते खतच असतं. हे जिवाणू पाण्यात पोहत बसत नाहीत, ते कशाला तरी चिकटून राहतात. त्यांना बसायला पृष्ठभाग, श्वासाला ऑक्सिजन आणि वाढायला वेळ लागतो. पृष्ठभाग आणि ऑक्सिजन विकत मिळतात. वेळेचं काय ते पुढे येईलच.

आधी आकडे मांडले. दहा गुणिले सहा गुणिले तीन फूट पाणी, म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर ५,०९४. कुंड्यांची जागा वजा करून पाच हजार लिटर. तयार फिल्टरचं कोटेशन मागवलं ते ४६,००० रुपये, वायरिंग वेगळं. फिल्टर किती मोठा हवा हे दुकानदार तळ्याच्या लिटरवर सांगतात. मला खाद्यावरचा हिशोब जास्त पटला. एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया तयार होतो. आमचे मासे उन्हाळ्यात भरपूर खातील तेव्हाही दिवसाला ३० ग्रॅम खाद्य, म्हणजे एक ग्रॅमच्या आतच अमोनिया. ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाच हजार लिटरमध्ये तो रोज जवळपास ०.१८ पीपीएमने वाढतो. आठवड्यात एक पीपीएमच्या वर. आमच्या तळ्यात नेमकं हेच झालं होतं.

आता पृष्ठभाग. सोसायट्यांच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, पाणी साफ करायला प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांसारखे तुकडे टाकतात, त्याला एमबीबीआर मीडिया म्हणतात. दर घनमीटरला ५०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असं त्याच्या माहितीपत्रकात असतं. म्हणजे १०० लिटर मीडियात ५० चौरस मीटर, एका टू बीएचके फ्लॅटच्या कार्पेट एरियाएवढी जागा एका पिंपात. अगदी हात राखून चौरस मीटरमागे दिवसाला ०.१ ग्रॅम अमोनिया धरला तरी पाच ग्रॅमची सोय होते, आणि लागणार होती एका ग्रॅमची. झालं, १०० लिटर ठरले.

खडी का नाही, असं मला प्लंबरपासून दिरापर्यंत सगळ्यांनी विचारलं. खडी फुकटात मिळते हे खरं. पण पिंपभर खडी म्हणजे तीनशे किलो, त्यात घाण अडकली की ती बाहेर काढून धुवायची कुणी? जांभ्याचे तुकडे कोकणातून आणून देतो असंही एकाने सांगितलं. जांभा सच्छिद्र असतो, पण लाल माती सोडतो. ज्यांचं बजेट अगदीच बेताचं आहे त्यांनी खडीपेक्षा भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या वापराव्यात. त्या हलक्या असतात आणि पिळून धुता येतात.

हा मीडिया मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं प्रकरण ठरलं. बनवणारे कारखाने एसटीपीच्या ठेकेदारांना विकतात. पहिल्याने फोनवर विचारलं, "मॅडम, किती केएलडीचा प्लांट आहे?" (केएलडी म्हणजे दिवसाला किती हजार लिटर.) मी म्हटलं, माशांचं तळं आहे. तिकडे थोडा वेळ शांतता. मग कळलं की एक घनमीटरच्या खाली ते देत नाहीत आणि जीएसटी नंबर लागतो. शेवटी अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने १०० लिटर द्यायचं कबूल केलं. जीएसटी नंबर नसला तरी बिल आपल्या नावाने मिळतं, तेवढं आग्रहाने मागून घ्या. रक्कम थोडी असल्याने ई-वे बिलाचा प्रश्न आला नाही. ३,४०० रुपये २० जानेवारीला पाठवले. "चार दिवसांत पोचेल" म्हणाले होते, ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तोही पार्सल निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत पडून आहे असं सांगायला. घरपोच देत नाहीत. जाताना एलआरचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो, बिलाची झेरॉक्स आणि आधारची झेरॉक्स न्या. मोबाइलवर दाखवलेलं चालत नाही, आणि झेरॉक्सचं दुकान तिथून लांब आहे. भाडं 'टू पे' होतं, म्हणजे माल घेताना द्यायचं: ४५० रुपये, वर हमाली ४०. पोतं एवढं मोठं आणि इतकं हलकं की हमालाने ते एका हाताने उचलून गाडीत टाकलं आणि चाळीस रुपये घेताना तोच जरा ओशाळला.

पिंपं मात्र लगेच मिळाली. दोनशे लिटरची निळी, तीन फूट उंचीची, भंगारवाल्याकडून प्रत्येकी १,१०० ला. पिंप घेताना आधी त्यात काय होतं ते बघा. लेबल फाडलेलं पिंप कितीही स्वस्त असलं तरी नको, आणि कीटकनाशकाचं तर नकोच. झाकण उघडून वास घ्या. आमच्या पिंपांवर ग्लिसरीनचं लेबल शाबूत होतं. खाण्याच्या सोड्याने घासून, चार-सहा वेळा धुऊन, तीन-चार दिवस उन्हात पालथी घातली.

बांधकाम दोन शनिवार-रविवारांत झालं. तळ्याला लागून चार इंची कोबा करून घेतला, पाणसळ लावून. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं, ते मातीवर ठेवलं तर महिन्याभरात कलणारच. पहिलं पिंप दुसऱ्यापेक्षा दोन विटा उंच, कारण पंप पाणी फक्त पहिल्यात चढवतो. तिथून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तळ्यात ते आपोआप उतरायला हवं.

पहिलं पिंप घाण बसण्यासाठी. त्याच्या मधोमध सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा टांगला आहे. पंपाचं पाणी त्या पाइपच्या आत पडतं, खाली जातं, संथ होतं आणि पाइपच्या बाहेरून वर चढतं. जड घाण खालीच राहते. वरच्या अंगाला दोन इंची आउटलेट, अगदी तळाशी दोन इंची बॉल व्हॉल्व. दुसऱ्या पिंपात मीडिया, तळाशी हवेच्या पंपाला जोडलेले, बुडबुडे सोडणारे हवेचे दगड. त्याच्या आउटलेटला आतून पाइपचा एक तुकडा लावला आणि त्याला हॅक्सॉने चिरा पाडल्या, म्हणजे पाणी जाईल आणि मीडिया अडेल. चिरा भरपूर पाडा. चारदोनच पाडल्या तर त्यांवर मीडिया येऊन बसतो, पाणी तुंबतं आणि पिंपाच्या काठावरून वाहायला लागतं.

यातली अवघड जागा एकच आणि ती म्हणजे टँक निपल, पिंपाच्या भोकात बसवायचा पाइपचा जोड. निपल बनतो सपाट टाकीसाठी आणि पिंप असतं गोल. कंपनीचा पातळ वॉशर मधे टेकतो आणि कडेला फट राहते. सिलिकॉन लावून भागेल असं वाटतं, पण या जातीच्या प्लॅस्टिकला सिलिकॉन नीट धरतच नाही, सुकल्यावर साल निघावी तसं निघतं. प्लंबरकाकांनी खिशातून एक जाड काळा रबराचा तुकडा काढून दाखवला. "ट्रॅक्टरची ट्यूब. पंक्चरवाल्याकडे मागा, पैसे घेणार नाही." त्याने खरंच घेतले नाहीत. ट्यूबमधून ताटलीएवढ्या गोल चकत्या कापल्या, मधे निपलच्या मापाचं भोक, आतून एक, बाहेरून एक. मग नट आवळताना रबर पिंपाच्या गोलाईवर दबत जातं आणि फट दिसेनाशी होते. एका हाताने आतून निपल धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून पाना फिरवायचा, म्हणजे अर्धं अंग पिंपात. तेव्हा कुणीतरी मदतीला हवंच. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) निपल हातात घेऊनच विकत घ्या, दोन इंची निपलला दोन इंची भोक पुरत नाही. मला हे सगळं फिटिंग बोहरी आळीत एका फेरीत मिळालं, २,७६० रुपयांत, होल सॉचे ४२० वेगळे.

विजेचं काम मात्र घरी करू नका. पाण्यात पंप सोडायचा आणि त्याच पाण्यात हात घालायचा, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि धड अर्थिंग हवंच. इलेक्ट्रिशियन, आरसीसीबी, कंड्युइट आणि पावसापासून झाकलेला बोर्ड धरून ३,६०० गेले. आरसीसीबीवर 'टेस्ट'चं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघते.

पंप घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. मला दर दोन तासांनी सगळं पाणी एकदा फिरायला हवं होतं, म्हणजे तासाला अडीच हजार लिटर. खोक्यावर ४,५०० लिहिलेला पंप घेतला (३,९०० रुपये), कारण तो आकडा पाणी मुळीच वर चढवायचं नसेल तेव्हाचा असतो. तळ्यातून पिंपात चार फूट चढवल्यावर किती येतं ते वीस लिटरच्या बादलीने आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजलं: २९ सेकंद. अडीच हजाराला जेमतेम पोचला.

२२ फेब्रुवारीला पंप सुरू केला. फेब्रुवारी अखेरपर्यंत मी मुद्दामच थांबले होते, कारण थंड पाण्यात हे जिवाणू फार सावकाश वाढतात. डिसेंबरात फिल्टर बांधून झाला असेल तरी त्याच्याकडून होळीपर्यंत फार अपेक्षा ठेवू नका.

नवा मीडिया पाण्यात बुडत नाही. सगळा वर तरंगून पांढरा थर धरतो आणि हवेचे बुडबुडे त्याच्या कडेने निघून जातात. ते बघून पैसे पाण्यात गेले असं वाटतं. काही बिघडलेलं नसतं. त्यावर जिवाणूंचा थर बसायला लागला की तो जड होतो आणि आपोआप घुसळायला लागतो. आमचा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घुसळायला लागला.

आणि आता ती वाट बघण्याची गोष्ट. मासे तळ्यात असतानाच फिल्टर तयार करायचा, म्हणून दिवसाआड चिमूटभर खाद्य, आठवड्यातून दोनदा वीस टक्के पाणी बदल आणि रोज रात्री तपासणी. जेवणं झाली की ओट्यावर नळ्या मांडून बसायचं. नवरा विचारायचा, "आज रिपोर्ट काय?" सासूबाईंचं म्हणणं, माणसांचं पाणी कुणी एवढं तपासत नाही. लवकर व्हावं म्हणून ज्यांच्याकडे बरीच वर्षं मत्स्यटाकी आहे अशा मैत्रिणीकडून तिच्या फिल्टरचा स्पंज तळ्याच्या पाण्यात पिळून आणला आणि ते तपकिरी पाणी दुसऱ्या पिंपात ओतलं. दुकानातून असं पाणी आणू नका. तिथे रोज नवे मासे येतात आणि त्यांचे रोगही. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंवर मी पैसे घातले नाहीत. बऱ्याच बाटल्यांत बॅसिलस असतात, ते गाळ खातात, अमोनियाचं काम त्यांचं नव्हे.

मार्चच्या सुरुवातीला अमोनिया एकच्या वर जाऊन तिथेच रेंगाळला. पाण्याचा बदल चुकवला नाही म्हणून त्यापुढे गेला नाही. पंधरा मार्चच्या सुमाराला तो उतरायला लागला आणि मी खूश झाले, पण त्याच आठवड्यात नायट्राइटची निळी नळी जांभळी झाली. होतं तसंच; पहिली टोळी कामाला लागल्याशिवाय दुसरीला खायलाच मिळत नाही. नायट्राइट रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतं, माशांचं रक्त तपकिरी होतं, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही ते वर येऊन तोंड उघडतात. यावर साधा उपाय म्हणजे मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटला आत शिरू देत नाही. हजार लिटरला एक किलो या हिशोबाने पाच किलो खडे मीठ बादलीत विरघळवून सावकाश सोडलं. पुढे हजार लिटर पाणी बदललं की एक किलो परत. मीठ वाफेने उडून जात नाही, फक्त काढलेल्या पाण्याबरोबर जातं, तेवढाच हिशोब ठेवायचा. कमळांना या प्रमाणाने काही झालं नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा सर्वांत वाईट गेला. नायट्राइट २ वर, रोज तोच जांभळा रंग, आणि जो येईल तो एक औषध सुचवणार. अशा वेळी काहीतरी करावंसं फार वाटतं: मीडिया काढून धुवावा, पंप बदलावा, एखादी बाटली ओतावी. मीडिया नळाच्या पाण्याखाली धुतला तर क्लोरिनने आतापर्यंतची सगळी वाढ मरते. म्हणून बदलासाठी फक्त बोअरचं पाणी वापरलं आणि पिंपात हात घातला नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री नळी एकदम आकाशी निघाली. विश्वास बसेना म्हणून परत केली. अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी, आणि नायट्रेट पहिल्यांदाच नारिंगी. (नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, नाहीतर आकडा खोटा येतो. संचातल्या कागदावर लिहिलेलं आहे, पण बारीक अक्षरांत.) मीडियाचा एक तुकडा काढून बघितला तर आतल्या घड्यांत फिक्या चहाच्या रंगाचा बुळबुळीत पापुद्रा धरला होता. वास मातीचा, ओल्या.

यानंतर आठवडाभरात पाणी हिरवंगार झालं. मासे ठणठणीत, अमोनिया-नायट्राइट शून्य, आणि हात बुडवला तर मनगट दिसेना. जैविक फिल्टरने हिरवं पाणी जात नाही. ते शेवाळ असतं आणि त्याला नायट्रेट आणि ऊन मिळालं की ते वाढतंच. त्यावर यूव्ही दिवा मिळतो. मी आधी अर्ध्या तळ्यावर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली आणि परतीचं पाणी कर्दळीच्या कुंड्यांतून सोडलं. कर्दळ त्या पाण्यावर अशी माजली की शेजाऱ्यांनी कंद मागून नेले. शेडनेटचा आणखी एक फायदा म्हणजे सकाळी काठावर ध्यान लावून बसणारी ढोकरी यायची थांबली. गप्पी कमी का होत होते, तेही तेव्हा कळलं. पाणी मे अर्ध्यावर येईपर्यंत निवळलं, यूव्ही घ्यावा लागला नाही.

२०२५ चा मे कुणी विसरणार नाही. वळवाने जी सुरुवात केली ती थांबलीच नाही, आणि २६ मेला तर मान्सूनच पुण्या-मुंबईत दाखल झाला. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री वादळात तारा तुटल्या आणि वीज गेली ती दुसऱ्या दुपारी आली. फिल्टरमधले जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. पाणी थांबलं की काही तासांत पिंपातला ऑक्सिजन ते स्वतःच संपवतात आणि मग सडायला सुरुवात होते. म्हणून हवेचा पंप मी आधीच घरच्या इन्व्हर्टरवर घेतला होता. तो फक्त २० वॉटचा आहे, रात्रभर चालला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी वीज आल्यावर लगेच पंप सुरू करू नये. आधी पहिल्या पिंपाचा खालचा व्हॉल्व उघडून ते पाणी झाडांना सोडावं, दुसऱ्याचंही वास येत असेल तर तेच करावं. ते पाणी थेट तळ्यात गेलं तर माशांच्या जिवावर बेतू शकतं.

पावसाने दुसरी गोष्ट केली, जी मला उशिरा लक्षात आली असती पण केएचची बाटली होती म्हणून दिसली. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला क्षारपणा खर्च होतो: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात मिलिग्रॅमच्या वर. बोअरच्या पाण्याने तो भरून निघत होता. जूनमध्ये पाणी ओतायची गरजच राहिली नाही, आभाळातून पडत होतं, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. केएच १० वरून ५ वर आला. आणखी खाली गेला असता तर पीएच एका रात्रीत कोसळला असता. दोन उपाय केले: छपराच्या पन्हळीचं पाणी तळ्यापासून वळवलं, आणि क्षारपणा भरून यावा म्हणून कोकणातून आणलेले शिंपले कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून दुसऱ्या पिंपाच्या तोंडाशी टांगले. जुलैभर केएच ६-७ वर राहिला.

जुलैतच पालिकेकडून डासांच्या अळ्या तपासणारे दोघे आले. एकाने बॅटरी मारून दोन्ही पिंपांत बघितलं. वाहत्या, घुसळत्या पाण्यात अळ्या नव्हत्या, पण "ताई, लाइट गेली की हे साठलेलं पाणीच ना?" हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. वहीत नोंद करून सही घेतली आणि पिंपांना जाळी लावायला सांगितली. मच्छरदाणीचं कापड आणि सायकलच्या ट्यूबचं रबर, पन्नास रुपयांत काम झालं. जाताना गप्पी लागतील का विचारत होते. मीच त्यांना बाटलीभर दिले.

हिशोब असा: पिंपं २,२००, मीडिया भाडं-हमालीसकट ३,८९०, पंप ३,९००, हवेचा पंप आणि दगड २,०९०, फिटिंग आणि होल सॉ ३,१८०, वीज ३,६००, कोबा-विटा-मजुरी १,५००, तपासणी संच ३,८००. एकूण २४,१६०. यात संच आणि वीज तयार फिल्टर घेतला असता तरी लागलंच असतं. चालू खर्च म्हणजे ४५ वॉटचा पंप आणि २० वॉटचा हवेचा पंप चोवीस तास, महिन्याला ४७ युनिटच्या आसपास, बिलात पाचशेच्या आसपास भर.

रोजचं काम काही उरलेलं नाही. रविवारी सकाळी पहिल्या पिंपाचा खालचा व्हॉल्व वीस सेकंद उघडते, काळपट पाणी पाइपने केळीला आणि कढीपत्त्याला जातं. तपासणी महिन्यातून दोनदा. पंपाची जाळी घासायची असेल तर आधी बोर्डावरून बंद, मग हात पाण्यात. थंडी पडली आणि पाणी १५ अंशांच्या खाली जायला लागलं की खाद्य कमी करत नेणार, हवेचा पंप मात्र चालूच. कुणाला पिंपाच्या भोकांची मापं किंवा कोब्याचा आराखडा हवा असेल तर विचारा, वहीत काढून ठेवलेला आहे, फोटो पाठवते.